दोनदा ओढली तर मी

दोरीची कल्पना गवंड्याची. पडून राहिलेल्या माणसाला कल्पना फार सुचतात, त्यातली ही एक कामाची निघाली. त्याची खाट मागच्या दाराच्या तोंडाशी होती. खाटेच्या दांडीला बांधलेली दोरी दारावरच्या कडीतून परसात जाई आणि खुराड्याच्या छपराला टांगलेल्या पाच रिकाम्या डब्यांना भिडे. ओढली की डबे असे खणखणत की मांजरच काय, रस्त्यानं जाणारा माणूसही दचकावा.

"एकदा ओढली तर मांजर," त्यानं बायकोला समजावलं होतं. "दोनदा ओढली तर मी."

"आणि तीनदा ओढली तर?"

"तर दोरी तुटेल. जुनी आहे."

तिला सगळे गवंडीण म्हणत. नवऱ्यानं तीन वर्षांत एक वीट लावली नव्हती तरी म्हणत. दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून तो वाळूच्या ढिगावर पडला असता तर वाचला असता, पण पडला तो ढिगाशेजारच्या दगडांवर. कमरेखालचं अंग गेलं. उजवा हात खांद्यापर्यंत उचलायचा आणि तिथंच थरथरत राहायचा. डाव्या हातात मात्र जोर होता. त्या हातात दोरी.

पडल्यानंतरचं दीड वर्ष ती खाणीवर खडी फोडायला गेली. सकाळी ट्रक न्यायचा, दिवेलागणीला आणून सोडायचा. तोवर तो एकटा. तांब्या उशाशी, भात झाकून ठेवलेला आणि बाकी सगळं अंथरुणातच. एक दिवस ती घरी आली तेव्हा मुंग्यांची रांग खाटेच्या पायावरून चढून त्याच्या पाठीतल्या जखमेत शिरत होती. त्याला पत्ताच नव्हता. तो आपला विचारत होता, "आज एवढा उशीर?" तिनं एकेक मुंगी वेचून काढली. किती वेळ वेचत होती कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ती खाणीवर गेली नाही. कानातलं विकून बारा कोंबड्या आणल्या आणि बाराच्या बावीस केल्या. बेकरीवाला रोज एक ट्रे भरून अंडी घेई. कमी पडली तर ती चार घरं फिरून, हातापाया पडून ट्रे पुरा करी. एक अंडं मात्र रोज बाजूला निघे, नवऱ्यासाठी. दर दोन तासांनी ती त्याला कुशीवर वळवी. वर्षभरात पाठ भरून आली होती.

ट्रक अजूनही सकाळी घरासमोरून जाई. मुकादम माणूस वाईट नव्हता. मान बाहेर काढून विचारायचा, "गवंडीण, जागा धरून ठेवू का?"

"नको," ती म्हणायची. हे 'नको' म्हणता येणं हीच तिची सगळी श्रीमंती होती.

यंदा उन्हाळा सरता सरता मासळीबाजार हलला. गल्लीच्या टोकाला होता तो उचलून पुलापलीकडे नेला. कोळणी गेल्या, पाट्या गेल्या, बर्फाची गाडी गेली. मांजरांना कुणी सांगितलं नाही. चार-आठ दिवस ती रिकाम्या ओट्यांवर बसून राहिली, ओटे चाटत राहिली. मग गल्लीत शिरली. एकेकीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात.

त्यांत एक बोका होता, एक कान फाटलेला. ऐन दुपारी यायचा आणि परसातून असा चालायचा की जागा त्याच्या नावावर आहे. गवंड्यानं त्याचं नाव फौजदार ठेवलं. डबे खणखणले की बाकीची मांजरं पळत, फौजदार मान वळवून डब्यांकडे बघे आणि मग निवांत निघे. निघताना तोंडात कोंबडी. पंधरा दिवसांत त्यानं नऊ मारल्या. खायचा नुसती मान, बाकीची भिंतीपाशी टाकून जायचा. ती टाकलेली कोंबडी गवंडीण पायाला धरून उचलायची. भुकेपोटी मारली असती तर तिला एवढं लागलं नसतं.

दाण्याच्या दुकानदारानं उपाय सांगितला. "गोळी देतो. भातात कालवून ठेव."

"भात कोंबड्या खातील ना आधी."

"मग कोंबड्यांना सांगून ठेव, हा पाहुण्यांचा आहे म्हणून." दुकानातली चार माणसं हसली. तीही थोडं हसली, कारण कोंडा उधार न्यायचा होता.

शेवटी कामाला आला तो शेजारचा सुतार. म्हातारा, तोंडानं फटकळ, पण हात सोन्याचा. त्यानं खुराड्याला सगळीकडून नवी जाळी मारून दिली आणि पडत्या दाराचा एक पिंजरा केला. आत मासळीचं डोकं. दुसऱ्याच दिवशी फौजदार आत. सुतारानं त्याला पोत्यात घातलं, पोतं सायकलला बांधलं आणि पुलापलीकडे नव्या बाजारात नेऊन सोडलं.

"फौजदाराची बदली झाली," गवंडी खाटेवरून म्हणाला. कितीतरी महिन्यांनी तिघं एकदम हसली.

पण नऊ गेल्या त्या गेल्याच. उरलेल्या तेरा, त्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांची अंडी जमवूनही ट्रे अर्धा राहू लागला तसा बेकरीवाल्यानं हात वर केले. "मला रोज भरलेला ट्रे लागतो, बाई. गाडीवाला दारात आणून देतो." ती वाद घालत बसली नाही. दोन कोंबड्या खुडूक झाल्या होत्या, त्यांच्याखाली तिनं अंडी ठेवली. प्रत्येक अंड्यावर कोळशाची खूण केली. आसपासच्या बायका महिन्याची पिल्लं हौसेनं घेत, आणि त्यांवर पावसाळा निघाला असता. एकविसाव्या दिवशी एकोणीस पिल्लं निघाली. तिनं बांबूच्या डालग्यातून आणून ती नवऱ्याच्या छातीवर ठेवली. ती पिवळी गर्दी त्याच्या गळ्याशी, काखेत घुसली. तो हलायलाही घाबरत होता.

"अगं, उचल, उचल. चिरडतील."

"तुम्ही कुठं पळणार आहात चिरडायला!"

त्या दिवसांत तो बराच खुशीत होता. रेडिओ लावून ठेवू लागला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आधी त्याला आवाज सोसत नसे. आता बातम्या, गाणी, शेतीचे सल्ले, काहीही चालू. ती भांडी घासताना ऐके आणि तिला बरं वाटे. माणूस परत माणसांत येतोय, ती मनात म्हणे.

एकच वाईट होतं. खाटेपाशी घाण वास येऊ लागला, उग्र, नाकात बसणारा. एकदा भर दुपारी ती कावली.

"सांगायला काय होतं? दोरी कशाला दिलीय हातात? लहान मूल आहात का?"

तो छताकडे बघत राहिला. "राहिलं सांगायचं."

तिनं त्याला उघडं केलं, पुसलं, खालचं कापड ओढून काढलं. कापड कोरडं होतं. पण हातात काम असताना माणूस थांबून विचार करत नाही. तिनं ते धुतलं, वाळत घातलं आणि पुन्हा दोन शब्द सुनावले. त्यानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

एकोणीस पिल्लांची सतरा झाली.

पहिल्यांदा तिला वाटलं, मोजण्यात चूक झाली. संध्याकाळी डालगं झाकताना पुन्हा मोजली. सतरा. तिसऱ्या दिवशी पंधरा. रक्त नाही, पीस नाही, कोंबडीचा आरडाओरडा म्हणावा तर ती स्वतः भांडी घासायला किंवा पाणी भरायला गेली असतानाच काय ते होई.

"तुम्ही काही बघितलं नाही?"

"डोळा लागला असेल."

"रेडिओ एवढा कोकलतोय आणि डोळा लागला?"

"लागतो कधी कधी."

घार असेल म्हणून तिनं परसावर जुनं लुगडं ताणलं. मुंगूस असेल म्हणून भिंतीतली भोकं मातीनं बुजवली. पिल्लांची अकरा झाली. मग तिचं लक्ष जाळीवर गेलं. खुराड्याच्या मागं खालच्या कोपऱ्यात जाळी दोन बोटं उचललेली होती. तिथून मांजराचा पंजाही गेला नसता, पण घाबरलेल्या माणसाला भोक दिसलं की चोर दिसतो. ती तशीच सुताराच्या दारात गेली.

"काका, तुमच्याच जाळीत भोक आहे. माझी आठ पिल्लं गेली त्यातून."

सुतार रंधा मारत होता. थांबला. "माझ्या जाळीत?"

"मग कुणाच्या? फुकटचं काम म्हणून कसंही उरकायचं का?"

बोलून गेल्यावर तिला कळलं, पण शब्द काय, दोरी बांधून परत ओढता येतो? म्हातारा उठला. तिच्या मागोमाग परसात आला, जाळी बघितली, खिशातून एक खिळा काढून कोपरा ठोकला. मग आपला पिंजरा उचलला.

"फुकटचं काम परत नेतो," तो म्हणाला. खाटेवरच्या गवंड्याकडे त्यानं एकदा बघितलं. गवंड्यानं डोळे मिटून घेतले.

"अहो, तुम्ही तरी थांबवायचं त्यांना," ती नंतर म्हणाली.

"काय सांगून थांबवू?" तो म्हणाला, आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

मुकादमानं त्याच आठवड्यात निरोप दिला. नव्या बायका विचारताहेत, शनिवारपर्यंत सांग, मग जागा धरता येणार नाही. पिल्लांची सहा झाली होती. ती त्यांना डालग्याखाली झाकून वर दगड ठेवू लागली. पण कोंडून ठेवलेली पिल्लं दाणा टिपत नाहीत, मलूल होतात. दुपारी तासभर तरी सोडावी लागत. त्या तासात ती स्वतः दाराशी बसे. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून दोन हंडे भरायला गेली. आली तर पिल्लू एकही नव्हतं. त्या दोन खुडूक कोंबड्यांतली एक परसभर पंख फुलवून फिरत होती, हाक घालत होती, कोपऱ्याकोपऱ्यात बघत होती. हंडा गवंडिणीच्या कमरेवर तसाच राहिला.

"अहो," ती म्हणाली. "सगळी गेली हो."

रेडिओवर कुणीतरी खताबद्दल सांगत होतं. सांगता सांगता तो आवाज बारीक झाला, घोगरा झाला आणि बंद पडला. सेल संपले होते.

मग घरात शांत झालं. आणि त्या शांततेत खाटेखालून एक आवाज आला. बारीक. मग दुसरा.

खाटेखाली त्याची हत्यारं होती. थापी, ओळंबा, पाणसळ, सिमेंटची दोन रिकामी पोती आणि घमेलं. पडल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. केर काढतानाही ती तिथवर झाडू नेत नसे. हंडा खाली ठेवून ती गुडघ्यांवर बसली, हात घालून तिनं घमेलं पुढं ओढलं. पोत्याच्या चिंधीवर चार पिल्लं होती, मांजराची. नुकते डोळे उघडलेली, गुबगुबीत. चिंधीला पिवळी मऊ पिसं चिकटली होती. घमेल्याच्या कडेला एवढासा एक पाय पडला होता.

बाहेर कोंबडी हाका घालत होती.

"कधीपासून?"

"महिना झाला." त्यानं मान खाटेच्या कडेला वळवली. "भुरी आहे, बारकी. पोट जमिनीला लागलेलं होतं तिचं. दारातून आली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ खाली गेली. मी काय करणार होतो, उठून हाकलणार होतो?"

"दोरी ओढायची."

"ओढली असती तर तू आली असतीस. पोत्यात घातली असतीस."

"घातलीच असती!"

"म्हणूनच नाही ओढली." तो थांबला. "मी तिला माझं अंडं देत होतो. रोज. मला वाटलं पोट भरलं की ती तिकडे जायची नाही. आपलं घर समजेल. घरातलं कुणी घरातलं खातं का?"

रोजचं अंडं. ती ते स्वतः सोलून, मीठ लावून त्याच्या हातात देत होती आणि पाणी भरायला जात होती. महिनाभर अंड्यांची चटक लावून त्यानं त्या मांजरीला खुराड्याचा रस्ता दाखवला होता, आणि तो वासही त्यानं आपल्या अंगावर घेतला होता. कुंपणानंच शेत खाल्लं, असं दुसरं कुणी म्हणालं असतं. तिला तेवढंही सुचेना.

"एकोणीस," ती म्हणाली. "एकोणीस पिल्लं होती हो. कळत होतं ना तुम्हाला? माझं काय होणार ते सोडा, तुमचं काय होणार ते तरी?"

"पहिलं पिल्लू तिनं माझ्या डोळ्यांसमोरून नेलं तेव्हाच सांगणार होतो." डाव्या हातानं तो दोरीचं टोक चुरत होता. "दुपारी पिल्लांना पाजून झालं की ती वर येते. माझ्या पायावर झोपते. मला कळत नाही गं, पायावर काही आहे ते. पण दिसतं. तीन वर्षांत त्या पायांचा कुणाला काही उपयोग झालेला मी पाहिला नव्हता."

त्यावर तिला रडू यायला हवं होतं. तिला राग आला. तिनं चिंधीसकट चारही पिल्लं पाटीत टाकली, वर फडकं बांधलं आणि तशीच तडक निघाली. मागून त्यानं दोरी ओढली. दोनदा. डबे खणखणले. ती वळली नाही. पुलापलीकडे जाऊन नव्या बाजारातल्या बर्फ झाकायच्या भुशाच्या ढिगापाशी तिनं पाटी पालथी केली.

भुरी संध्याकाळी आली. खाटेखाली गेली, घमेलं हुंगलं, पोती हुंगली. मग दारात उभी राहून ओरडली. तिचा आणि कोंबडीचा आवाज एकाच परसातून येत होता. दोघींचं एकच म्हणणं होतं. गवंड्यानं उशी कानावर ओढली. भुरी परत आली नाही.

शुक्रवारी गवंडिणीनं उरलेल्या तेरा कोंबड्या पाय बांधून कोंबडीवाल्याला दिल्या. म्हाताऱ्या आहेत, तो म्हणाला. आहेत, ती म्हणाली. मुकादमाला 'हो' सांगून झालं होतं. आता एकच काम उरलं होतं, दिवसातून एकदा, निदान एकदाच, आत डोकावून त्याला कुशीवर वळवील असं कुणीतरी शोधायचं. नणंदेला फोन केला. नणंद म्हणाली, वहिनी, माझीच सासू अंथरुणाला खिळलीय, मी कुठून येऊ? गवंडिणीला ते खोटं म्हणता येईना.

मग ती सुताराच्या दारात गेली. काकूनं दार अर्धं उघडलं.

"काका आहेत?"

"नाहीत घरात."

आतून रंध्याचा आवाज येत होता, सरसर, सरसर. दोघी तो ऐकत उभ्या राहिल्या. काकूची मान खाली गेली.

"त्यांना सांगा, जाळीत भोक नव्हतं," गवंडीण म्हणाली. "माझ्याच घरात होतं." रंधा क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

घरी न येता ती रिकामी पाटी घेऊन पुलावरून पलीकडे गेली. बाजार उठत आला होता. ओटे धुतले जात होते. बर्फाच्या भुशापाशी ती वाकून बघू लागली, खोक्यांमागं, गटाराच्या कडेनं, गाड्यांखाली. मांजरं खूप होती. फौजदारही होता, एका ओट्यावर, चांगला अंगानं भरलेला. लहान पिल्लं कुठं दिसेनात.

"काय शोधतेस गं?" एका कोळणीनं विचारलं.

"मांजराची पिल्लं. चार होती. मी इथं सोडली होती परवा."

"मग?"

"परत न्यायचीत."

कोळीण ओरडून दुसरीला म्हणाली, "ऐकलंस का? सोडायला रोज चार जण येतात. न्यायला आलेली ही पहिलीच!" सगळा ओटा हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून कोळणीचं हसू आटलं. "अगं, एवढी एवढीशी, डोळे नुकते उघडलेली? आईवाचून कुठली राहतात ती. इथं कुत्री आहेत."

गवंडिणीनं मान हलवली. तरी आणखी थोडा वेळ ती शोधत राहिली, अंधारून येईपर्यंत.

ती घरात आली तेव्हा गवंड्यानं आधी पाटीकडे बघितलं. पाटी रिकामी होती, बायकोच्या पायांना मासळीचे खवले चिकटले होते. ती कुठं गेली होती ते त्याला कळलं. तिनं त्याला पुसलं, पाठीला तेल लावलं, पाठ निरखून बघितली. कातडी कुठंच फुटलेली नव्हती. एवढी चांगली पाठ त्याची पडल्यापासून कधी नव्हती.

शनिवारी उजाडताच तिनं तांब्या भरून उशाशी ठेवला. भात झाकला. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्याला डाव्या कुशीवर वळवलं, मग हात मोकळा राहावा म्हणून पुन्हा उताणं केलं.

"दोरी सोडू का?" ती म्हणाली. "आता राखायला काही नाही."

"राहू दे," तो म्हणाला. "हाताला सवय आहे."

"ऐकायलाही कुणी नसणार हो."

"राहू दे गं."

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. ती चपला घालून निघाली. ट्रकच्या मागच्या फळीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या, फडकी डोक्याला गुंडाळून. तिनं एक पाय वर ठेवला आणि मागं डबे खणखणले.

दोनदा. मग थोडं थांबून, पुन्हा दोनदा.

"काय वाजतंय ते तुमच्याकडे?" मुकादमानं विचारलं. "थांबायचं का?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. डबे पुन्हा वाजले, दोनदा.

"मांजर असेल," ती म्हणाली आणि वर चढून बसली.